क्रीडांगणाचे दार आणि घरातील पडदा

सोलापूर शहराच्या नावाने क्रिकेटचा एक संघ निघावा आणि त्या संघाने सोलापुरात एकही सामना खेळू नये, ही गोष्ट ऐकणाऱ्यास विनोदाची वाटेल. परंतु ती घडलेली आहे. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने ‘महाराष्ट्र प्रीमियर लीग’ या नावाने वीस षटकांची स्पर्धा भरविली. तीत भाग घेणाऱ्या सहा संघांपैकी एकाचे नाव ‘सोलापूर रॉयल्स’ असे होते. स्पर्धेचे सर्व सामने मात्र पुण्यानजीक गहुंजे येथील क्रीडांगणावर झाले. सोलापूरहून हे ठिकाण अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ज्या मुलास आपल्या गावाचा संघ खेळताना पाहावयाचा होता, त्यास पडद्यापुढे बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. यात सोलापूरकरांवर कोणाचा रोष होता असे नव्हे. याचे कारण शोधावयाचे तर खेळाचा पैसा पूर्वी कोठून येत असे आणि आता कोठून येतो, हे पाहिले पाहिजे.

नाटकमंडळीचा संसार ज्याप्रमाणे तिकिटांच्या गल्ल्यावर चालत असे, त्याप्रमाणेच क्रिकेटचाही संसार एके काळी दारावरच्या उत्पन्नावर चाले. प्रेक्षक हाच खेळाचा खरा पोशिंदा होता, आणि म्हणूनच त्याच्या बसण्याच्या जागेवरून मोठमोठे कलह होत. मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ मध्ये उघडले, त्याच वर्षी आसनांच्या वाटपावरून वाद होऊन हिंदूंच्या संघाने तेथील प्रसिद्ध पंचरंगी स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे याच क्रीडांगणावरील तिकिटांच्या वाटणीवरून मुंबई क्रिकेट संघटना व क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांच्यात बेबनाव झाला. त्याचा परिणाम असा, की संघटनेने तेथून अगदी जवळ आपले स्वतंत्र क्रीडांगण बांधले. तेच वानखेडे स्टेडियम होय. तेथे पहिला कसोटी सामना जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीज संघाशी झाला. हाकेच्या अंतरावर दोन क्रीडांगणे असण्याचे मूळ, म्हणजे, तिकिटांत आहे.

घरबसल्या खेळ कळू लागला, तर दारावर पैसे देऊन कोण येईल, ही भीतीही तितकीच जुनी आहे. मुंबईत १९३४ मध्ये बॉबी तल्यारखान यांनी क्रिकेटच्या सामन्याचे धावते वर्णन ऐकविण्यास आरंभ केला. त्याच सुमारास अमेरिकेत, बेसबॉल या क्रिकेटच्या दूरच्या भाऊबंदाच्या बाबतीत, न्यूयॉर्कच्या तीन प्रमुख संघांनी आपसांत करार करून पाच वर्षे आपल्या सामन्यांचे ध्वनिक्षेपण बंद ठेवले होते. १९३९ मध्ये ही बंदी मोडली, आणि नभोवाणीने प्रेक्षक पळविले नाहीत, उलट खेळाची गोडी घरोघर पोहोचविली, असे दिसून आले. परंतु पुढे दूरचित्रवाणी आली तेव्हा गोष्ट निराळी झाली. मोठ्या शहरांतील मोठे संघ तगले. लहान गावांतील दुय्यम संघांचे सामने पाहावयास १९४९ मध्ये एकंदर चार कोटींच्या आसपास प्रेक्षक येत, ते १९५७ पर्यंत दीड कोटींच्या घरात उतरले. मोटारी वाढल्या, करमणुकीचे इतर मार्ग निघाले, हीही कारणे होती; तथापि घरात बसून नामांकित खेळाडू पाहावयास मिळत असता गावातील सामान्य खेळाडूंसाठी बाहेर कोण पडणार, हे प्रमुख कारण होते. यावरून एक नियम ध्यानात येतो. दूरचित्रवाणी मोठे क्रीडांगण ओस पाडीत नाही. ती लहान क्रीडांगण ओस पाडते.

भारतात हा पालट उशिरा पण फार वेगाने झाला. प्रारंभी दूरदर्शन हे सामने दाखविणारे एकमेव साधन होते, आणि त्यापासून क्रिकेट मंडळास मोठी प्राप्ती नव्हती. १९९३ च्या सुमारास मंडळ प्रक्षेपणाचा मक्ता विकू लागले. त्यावरून निर्माण झालेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही. तेथून पुढे मक्त्याच्या रकमा चढत गेल्या. इंडियन प्रीमियर लीगच्या २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या मक्त्यास १६,३४७.५ कोटी रुपये आले. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटी आले. लिलावाच्या वेळी या मुदतीसाठी ४१० सामने धरलेले होते. म्हणजे एका सामन्याच्या प्रक्षेपणाचे मोल सुमारे ११८ कोटी रुपये झाले.

या रकमेपुढे तिकिटांचा गल्ला किती, याचा हिशेब मांडून पाहावा. मक्त्याचे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी होतात. त्यांपैकी सुमारे निम्मे दहा संघांत वाटले जातात असे धरल्यास प्रत्येक संघास ४८० कोटींहून अधिक मिळतात. आता एखाद्या संघाने आपल्या क्रीडांगणावरील सात सामन्यांत प्रत्येक वेळी ३०,००० तिकिटे सरासरी २,००० रुपयांना विकली अशी कल्पना करावी. सारा मोसम मिळून ४२ कोटी होतील. दहा रुपयांतील एक रुपयाही दारावरून येत नाही, असा याचा अर्थ. प्रेक्षक पूर्वी धनी होता, तो आता पाहुणा झाला.

तिकिटाच्या दराचे शास्त्र मात्र याहून थोडे सूक्ष्म आहे. १०,००० आसनांचे एक क्रीडांगण घ्यावे. तिकीट ५० रुपये ठेवले असता ते भरते व ५ लाख रुपये येतात. १०० रुपये ठेवले असता ६,००० माणसे येतात व ६ लाख मिळतात. २०० रुपये ठेवले असता २,००० च येतात व ४ लाखांवर समाधान मानावे लागते. केवळ गल्ला पाहणारा व्यवस्थापक १०० रुपयांचा दर पसंत करील आणि ४,००० आसने रिकामी राहतील. परंतु आत आलेला प्रत्येक माणूस चहा-फराळावर खर्च करतो व त्यातून माणशी ३० रुपये नफा सुटतो असे धरले, तर ५० रुपयांच्या तिकिटास एकंदर ८ लाख पडतात आणि १०० रुपयांच्या तिकिटास ७ लाख ८० हजार. स्वस्त तिकीटच अधिक किफायतीचे ठरते. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांना बेसबॉलची तिकिटे अपेक्षेहून स्वस्त असल्याचे वारंवार आढळले, त्याचा उलगडा ते बहुधा असाच करतात. शिवाय रिकाम्या आसनावर एक माणूस अधिक बसविण्यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही. आणि आजचे न विकलेले आसन उद्या विकता येत नाही.

दराबरोबर कराचाही विचार केला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून इंडियन प्रीमियर लीगच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. मुळात १,००० रुपयांचे असलेले तिकीट १,२८० ऐवजी १,४०० रुपयांस पडू लागले. मान्यताप्राप्त क्रीडासंस्थांच्या सामन्यांचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट मात्र करमुक्त ठेविले आहे. लहान क्रीडांगणांच्या दृष्टीने ही सवलत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रेक्षक पाहुणा झाला, की सामना स्थावर राहत नाही. तो कोठेही हलविता येतो. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले, तेव्हा पुण्याचा संघ आपले सामने विशाखापट्टणम येथे खेळला. २०२० च्या साथीत तर सारी स्पर्धा अरबी अमिरातींत रिकाम्या क्रीडांगणांवर झाली. मार्च २०२१ मधील भारत व इंग्लंड यांचे तीन एकदिवसीय सामने गहुंजे येथे प्रेक्षकांवाचूनच पार पडले. कबड्डीचेही तेच. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा संघ एकमेकांच्या शहरी जात; २०२४ मध्ये सुरू झालेल्या हंगामाचे सामने हैदराबाद, नोएडा व पुणे या तीनच ठिकाणी झाले, आणि मुंबईच्या नावाचा संघ त्या हंगामात मुंबईत खेळला नाही. सर्व सामने एके जागी ठेवल्याने प्रवासाचा व यंत्रसामग्रीच्या मांडणीचा खर्च वाचतो, आणि पडद्यावर क्रीडांगण कोठले आहे याने फारसे बिघडत नाही. सोलापूरच्या संघाचे कोडे येथे सुटते.

तथापि प्रेक्षक अगदीच निरुपयोगी झाला असे समजणे चुकीचे होईल. २०२० मध्ये रिकाम्या क्रीडांगणावरील खेळ दाखविताना आधी मुद्रित केलेला लोकांचा गलबला त्यात मिसळावा लागला. माणसांची गर्दी ही खेळाच्या रंगतीचा भाग आहे, हे पडद्याच्या मालकांनाही ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूने, दार मोफत उघडे ठेवल्याने गर्दी जमतेच असेही नाही. रणजी करंडकाचे सामने अनेकदा विनामूल्य असूनही बाके रिकामी दिसतात, कारण ते कामाच्या दिवशी होतात व नामांकित खेळाडू त्यांत क्वचितच असतात. ३० जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत विराट कोहली रणजी सामन्यात उतरला, तेव्हा पहिल्याच दिवशी बारा हजारांहून अधिक लोक आले. तिकिटाचा दर दार उघडतो. माणसास आत आणण्याचे काम खेळाडू, दिवस आणि सवय ही तिन्ही मिळून करतात.

या तिहींपैकी सवय ही गोष्ट गावाच्या हाती आहे. सोलापूरच्या मध्यभागी पार्क मैदान, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियम, उभे आहे. जानेवारी २०२४ मध्ये तेथे महाराष्ट्र व मणिपूर यांचा रणजी सामना झाला. भारताचे एके काळचे कर्णधार पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ मध्ये याच शहरात झाला होता. अशा क्रीडांगणास प्रक्षेपणाचे कोटी रुपये मिळणार नाहीत, आणि गल्ल्यावरही ते श्रीमंत होणार नाही. म्हणून तेथील तिकीट हे उत्पन्नाचे साधन न समजता सवयीचे बी समजावे. विद्यार्थ्यास व कामगारास सहज परवडेल इतकेच ते असावे, आणि सामन्यांत निदान एखादा रविवार यावा. मोठ्या मक्त्याच्या पैशातून वर्षाकाठी दोन-चार सामने जिल्ह्याच्या गावी नेण्याचा खर्च क्रीडासंस्थांना जड नाही.

पडद्यावर चेंडू फार जवळून दिसतो. परंतु सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेंडू टाकण्यापूर्वी दोन पावले का सरकला, हे तेथे बहुधा दिसत नाही. ते बाकावर बसलेल्या मुलास दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः तसे सरकून पाहतो. खेळाडू घडण्यास आरंभ होतो तो येथे. ज्या गावातील क्रीडांगणाचे दार बंद राहते, त्या गावास पडद्यापुढे बसणारे पुष्कळ मिळतील. पडद्यावर दिसणारे मात्र बाहेरून आणावे लागतील.