मैफल सरते, कागद उरतो

मैफल संपली की मागे काय उरते? तंबोऱ्यांना गवसणी चढते, जाजम गुंडाळले जाते आणि कार्यक्रमाची छापील पत्रिका खिशात चुरगळून घरी येते. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर दुधाचा हिशेब!

जर्मनीतील हान्स झोम या दंतवैद्याला मात्र असल्या कागदांचाच नाद होता. स्टुटगार्टजवळच्या मार्कग्रोनिंगेन गावी तो राही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील तरुण कलावंतांनी चौकटीतले चित्र सोडून भलतेच उद्योग आरंभले होते. १९६२ साली वीसबाडेनला ‘फ्लक्सस’ मंडळींचे संगीताचे जलसे झाले, त्यांत चक्क एका पियानोची मोडतोड करण्यात आली. असली कला भिंतीवर टांगायची कशी? झोमने तिच्या निमंत्रणपत्रिका, भित्तिपत्रके, पत्रे, प्रदर्शनांची सूचिपुस्तके जमवली. १९७० साली कोलोनला ‘हॅपनिंग आणि फ्लक्सस’ हे प्रदर्शन भरले, त्यात या संग्रहाचा मोठा वाटा होता. १९८१ साली तो संग्रह स्टुटगार्टच्या सरकारी कलासंग्रहालयात गेला.

त्या काळचे कागदही मोठे खट्याळ. १९५४ साली ईव्ह क्लाइनने आपल्या चित्रांचे म्हणून एक पुस्तक काढले. आत एकेका रंगाची सपाट पाने. प्रस्तावनेत शब्दच नाहीत, नुसत्या आडव्या काळ्या रेघा! डीटर रोटने १९६१ मध्ये छापील कागदांचा कीस करून, त्यात मसाला घालून त्याचे सॉसेज भरले आणि त्यालाच पुस्तक म्हटले. डॅनियल स्पोएरीने आपल्या पॅरिसच्या खोलीतील टेबलावर पडलेल्या ८० वस्तूंना क्रमांक दिले, प्रत्येकीची हकीकत लिहिली आणि १९६२ च्या प्रदर्शनासाठी त्याची पुस्तिका केली.

प्रथम मला हसू आले. पण याच क्लाइनची एक ‘सिंफनी’ आहे: वीस मिनिटे एकच स्वरसंघात, पुढे वीस मिनिटे शांतता. हे वाचले आणि हसू थांबले. नुसता षड्ज लावून दहा मिनिटे बसा म्हटले, तर आमचे शिष्य चुळबुळ करू लागतात!

वडील आमच्या बडोद्याच्या कलावंत कारखान्यात अगदी पोरवयात लागले. संस्थान गेले तरी लोक त्यांना दरबारी गवईच म्हणत. जलशांच्या पत्रिका, चिठ्ठ्या, चिजांच्या वह्या त्यांनी एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. ते गेल्यावर घराला रंग काढला, तेव्हा वह्या तेवढ्या मी काढून घेतल्या आणि बाकीची ट्रंक रद्दीवाल्याच्या तराजूत रिकामी केली. पैसे मोजून घेतले, हेही सांगितले पाहिजे.

आज शिष्य विचारतात, “अण्णा त्या काळी मैफलीत काय गात? साथीला कोण असे?” वह्यांत चिजा आहेत, पण कोणत्या रात्री, कोणापुढे, कोणत्या क्रमाने गायिल्या, ते त्या कागदांवर होते. मी संगीत शिकविणारा माणूस. मला ते कळले नाही, त्या दात काढणाऱ्याला कळले.

वह्यांच्या पानांत चुकून राहिलेली एक पत्रिका परवा सापडली. मागे आईच्या हातचा दुधाचा हिशेब आहे. ती मी पाकिटात घालून ठेवली आहे. वाचकहो, दिवाळीची झाडलोट जवळ आली, की माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडून पाहाल ना?