तव्यावरची मशेरी आणि परळची वाट

सातारा जिल्ह्यातल्या पाटण खोऱ्यात एकेकाळी ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. रोगाचं नाव घ्यायची गरजच पडत नव्हती. परळचं टाटा मेमोरिअल हे कर्करोगाचं रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. ढेबेवाडी, मोरगिरी, तारळे भागातल्या कित्येक घरांतला चुलता नाहीतर थोरला मुलगा त्याच परळ-लालबागेत राहायचा. कुणी गिरणीत होता, कुणी बाजारपेठेत पाठीवर पोती वाहत होता. माथाडी कामगारांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. तेव्हा दुखणं हाताबाहेर गेलं की रात्रीची एसटी धरायची आणि मुलाच्या खोलीत मुक्काम करायचा. तिथे जागा नसली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोय होते का ते बघायचं.

‘दुखणं हाताबाहेर गेलं की’ हे शब्द मुद्दाम लिहिले. गेल्या पंचवीस वर्षांत उपचार पाटणच्या बराच जवळ आला. दुखणं वाढायच्या आत त्याला गाठणारी तपासणी मात्र त्या मानाने फार थोडी पुढे सरकली.

खोऱ्यातल्या बाईच्या तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट बहुतेक वेळा चुलीपाशी सुरू होते. तंबाखू तव्यावर टाकून काळी होईपर्यंत भाजायची. घरभर ठसका उठतो, डोळे चुरचुरतात. मग हातावर चोळून बारीक करायची आणि डबीत भरायची. सकाळी उंबऱ्याबाहेर बसून बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. पुन्हा जेवणानंतर, पुन्हा भांगलणीच्या मध्येच. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे वाक्य इथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. दाढ दुखली तर लेकीच्या बोटावर आईच चिमूटभर ठेवते आणि सवय तिथूनच लागते. कच्च्या तंबाखूतली घातक द्रव्यं असतातच, भाजताना त्यात बेंझोपायरीनची भर पडते. याला कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून व्यसनमुक्तीच्या भाषणात बसलेली बाई मनात म्हणते, हे गड्यांसाठी चाललंय.

पुरुषांचं व्यसन निदान सरकारच्या नजरेत आलं. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने ती पुन्हा आली. त्या वेळी राज्याचे गृहमंत्री होते शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, अंजनीचे आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आबा तोंडाच्या कर्करोगानेच गेले. तासगावापासून पाटणपर्यंत माणसं हळहळली आणि काही दिवस तरी पानटपरीवर हात आखडले. शरद पवारांनीही स्वतःच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि त्यामागच्या सवयीबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. राज्यातल्या प्रौढांमधलं तंबाखूचं प्रमाण २००९-१० च्या पाहणीत ३१.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये २६.६ वर आलं. ही घट खरी आहे आणि तिचं मोल आहे. पण त्या २६.६ मधला फार मोठा वाटा चघळायच्या, लावायच्या तंबाखूचा आहे, आणि मशेरीची डबी कुठल्याच बंदीत सापडत नाही.

उपचारांत मात्र याच काळात टाटाच्या डॉक्टरांनी जगाला शिकवलं. तोंडाचा कर्करोग लहान असताना, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की नंतर पाहावं, हा वाद जुना होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचा निकाल लावला: आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत, थांबून काढल्या तर ६७.५ टक्के. पुढे महागड्या इम्युनोथेरपीच्या औषधाचा अगदी छोटा डोस, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, नेहमीच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिला. हाताबाहेर गेलेल्या रुग्णांत वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. ज्याला पूर्ण डोस जन्मात परवडणार नाही त्याच्यासाठी कुणीतरी हिशेब मांडला, हे मला फार मोठं वाटतं. २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून उभी राहिलेली देशी कार-टी पेशी उपचारपद्धतीही मंजूर झाली. ती रक्ताच्या काही कर्करोगांपुरती आहे आणि परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त असली तरी तिचा खर्च लाखांतच जातो.

पाटणकरांच्या रोजच्या जगण्यात फरक पडला तो कराडमुळे. कृष्णा हॉस्पिटलात, साताऱ्यात, मिरजेत, कोल्हापुरात शेक, म्हणजे किरणोपचार, मिळू लागला. त्यासाठी जायचं आठवड्यातले पाच दिवस, सलग पाच-सहा आठवडे. मुंबईत ते करायचं तर घर बंद करून जावं लागे. कराडला सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी धारेला परतता येतं. त्यात २०१३ च्या अखेरीस राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. केमो, शेक, शस्त्रक्रिया यांसाठी जमीन गहाण टाकायची वेळ पुष्कळांवरून टळली. तरी कागद, रेशनकार्ड, मंजुरीची वाट आणि बुडालेला रोज यांचा भार राहतोच.

आणि तपासणी? ती गावात करता येते आणि माणसं वाचतात, हे याच महाराष्ट्राने सिद्ध केलं आहे. बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची माणसं गावोगाव फिरून अंगावरून जाण्याबद्दल, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल बोलत राहिली. त्याच पायावर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच तपासणी केलेल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला तपासणी दिली नव्हती तिथे ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे. २००९ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि जगभरच्या धोरणांत गेला. मुंबईच्या वस्त्यांमध्ये पिशवीच्या तोंडाला साधं ॲसिटिक ॲसिड लावून, मिनिटभर थांबून, पांढरा डाग उठतो का ते पाहिलं. हे काम थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायकांनी केलं आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणी न मिळालेल्या गटांतल्या बायकांचा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. तो योग्यच होता. त्या चौसष्ट जणींचं ऋण आपण फेडलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी पिशवीच्या तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. तोंडाची आणि स्तनांची तपासणी त्याहून कमी. कागदावर कार्यक्रम आहे: तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात. पण कोयनेकाठच्या डोंगरवस्तीवर पावसाळ्यात पोहोचायचं, उपकेंद्रात पडदा, टेबल, उजेड हवा, तपासणारी नर्स हवी, आणि डाग दिसला तर पुढे कराडला कोण नेणार हे ठरलेलं हवं. तोंडाची तपासणी त्या मानाने किती सोपी! तीन बोटं उभी तोंडात जातात का, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तिखट सोसत नाही असं कधीपासून होतंय, एवढं पाहायला बॅटरी पुरते. ‘तपासायला तुकडा काढला की पसरतं’ ही भीती मात्र बॅटरीने जात नाही. तिथे एखाद्या बरी झालेल्या बाईने शेजारी बसून बोलावं लागतं.

एचपीव्हीच्या लसीची गोष्टही बार्शीवरूनच जाते. २००९ मध्ये मुलींना दोन की तीन डोस द्यावेत हे तपासायला पुणे, बार्शीसह अनेक ठिकाणी अभ्यास सुरू झाला. २०१० मध्ये दुसऱ्या राज्यांतल्या एका वेगळ्या प्रकल्पावरून गदारोळ उठला आणि सरकारने सगळंच थांबवलं. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्या मुलींचा मागोवा दहा वर्षं घेतला गेला आणि २०२१ मध्ये दिसलं की एका डोसनेही विषाणूच्या १६ व १८ या प्रकारांचा चिवट संसर्ग ९५ टक्क्यांवर टळतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसलाही मान्यता दिली. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सीरमची देशी लस बाजारात आली. तीन डोसांसाठी मुलीला तीनदा गाठायचं म्हटलं की डोंगरातली शाळा सुटते. एकाच डोसासाठी शाळेतला एक दिवस पुरतो. आईला त्याच दिवशी शाळेत बोलावलं, तर तिचं तोंड बॅटरीने पाहून होईल आणि तिशीपुढची असेल तर उपकेंद्रातली तपासणीची तारीखही तिथेच देता येईल.