जीव गेला म्हणजे ‘तीनशे दोन’च?

कुणाच्या हातून माणूस गेला की टपरीवर निकाल आधी लागतो: “आता ३०२ लागणार!” भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ झालं, तरी बोलण्यातला ३०२ काही हललेला नाही. त्याच्याभोवतीचे गैरसमज तर त्याहून चिवट.

गैरसमज : ठार मारायचं मनात नव्हतं, मग तो खून नाही.

वस्तुस्थिती : १९५५मध्ये पंजाबात एकाने दुसऱ्याच्या पोटात भाला खुपसला. वार एकच, पण आतडी बाहेर आली आणि जखमी सुमारे २१ तासांनी दगावला. सुप्रीम कोर्टाच्या १९५८च्या निकालात न्या. विवियन बोस यांनी दोनच प्रश्न महत्त्वाचे मानले. आरोपीला तीच जखम करायची होती का? आणि ती एरवी जीव जायला पुरेशी होती का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर ‘मरेल असं वाटलं नव्हतं’ हा बचाव उरत नाही.

गैरसमज : रागाच्या भरात मारलं की खुनातून सुटका.

वस्तुस्थिती : प्रक्षोभ गंभीर हवा आणि अचानकही. नौदल अधिकारी कावस नानावटी यांना २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीच्या प्रेमसंबंधाचा पत्ता लागला. त्यांनी बायको-मुलांना सिनेमागृहात सोडलं. रात्री एकट्याने अहमदनगरला गाडीने जायचंय, अशी थाप मारून जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. मग पत्नीचा प्रियकर असलेल्या प्रेम आहुजाला आधी कार्यालयात आणि तिथे नाही म्हणून घरी गाठलं. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. पण घर सोडल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत जवळपास तीन तास गेले होते. एवढ्या वेळात डोकं शांत होऊ शकतं, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने १९६१मध्ये हायकोर्टाने दिलेली जन्मठेप कायम केली.

गैरसमज : मारायचं होतं एकाला, मेला दुसराच, म्हणजे खून नाही.

वस्तुस्थिती : १९१२च्या मद्रास हायकोर्टातल्या खटल्यात विषारी हलवा एका माणसासाठी होता. त्याने चाखून टाकून दिला आणि तो वाचला. उरलेला एका लहान मुलीने खाल्ला, ती गेली. हलवा देणारा खुनी ठरला.

गैरसमज : गाडीखाली माणूस आला की तो अपघातच.

वस्तुस्थिती : नुसत्या हयगयीला कलम १०६ आहे, साधारण पाच वर्षांपर्यंत कैद. मात्र जीव जाऊ शकतो याची जाणीव असूनही कृत्य केलं, तर तो सदोष मनुष्यवध. कलम १०५, दहा वर्षांपर्यंत. मुंबईत कार्टर रोडला नोव्हेंबर २००६मध्ये पहाटे मद्यधुंद चालकाची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली आणि सात जण गेले. सत्र न्यायालयाने हयगय धरून सहा महिने दिले. हायकोर्टाने जाणीव धरली आणि तीन वर्षं दिली. २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाला तीही अपुरी वाटली, पण शिक्षा वाढवा म्हणून सरकार अपिलात गेलंच नव्हतं.