पहिला मुक्काम रतनगड

नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, म्हटलं की डोळ्यांपुढे ऊस येतो नाहीतर दुष्काळ. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तिथे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे, १६४६ मीटरचं कळसूबाई. आणि भटक्यांच्या आवडीचा एक ‘रेंज ट्रेक’ही आहे : रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. दोन मुक्काम, तीन दिवस, आणि सगळं बिऱ्हाड पाठीवर.

त्यातला पहिला दिवस नकाशावर अगदी किरकोळ दिसतो. रतनवाडीतून निघायचं आणि १२९७ मीटर उंचीच्या रतनगडावर मुक्काम टाकायचा. चढ सुमारे पाचशे मीटरचा. त्यामुळे नवखी मंडळी हा दिवस हिशेबातच धरत नाहीत.

आणि तिथेच फसतात.

रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे, शेजारी देवकोष्ठांची पुष्करणी आहे. गावाबाहेर पडलं की वाट प्रवरेच्या पात्राशी खेळू लागते. नदी रतनगडावरच उगम पावते. पुढे भंडारदऱ्याच्या धरणात अडते ती हीच. इथे ती अजून ओढ्याएवढी आहे. तिला पुन्हापुन्हा ओलांडत जंगलात शिरावं लागतं. पहिल्या तासातच सॅक बोलायला लागते. एक पट्टा खांद्यात रुततो, स्टोव्हचा कोपरा पाठीला टोचतो, बाहेर लटकवलेलं भांडं पावलागणिक वाजतं.

याला उपाय आहे, पण तो थांबून करावा लागतो. जड सामान, म्हणजे शिधा आणि पाणी, पाठीला चिकटून मध्यभागी हवं. हलकी स्लीपिंग बॅग तळाशी. कमरेचा पट्टा खांद्यांवर नव्हे, कमरेच्या हाडांवर भार देईल इतका आवळलेला हवा. भाराचा ढोबळ अंदाज सांगतात तो वजनाच्या पाचव्या हिश्शाचा : साठ किलोच्या माणसाने बारा किलो. त्यात तीन लिटर पाण्याचेच तीन किलो होतात, हे घरी सॅक भरताना कुणाच्या लक्षात येत नाही.

वेळेचंही तसंच. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा मांडला : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक. पण ओझं, घसारा आणि वाटेतल्या विश्रांती त्यात धरलेल्या नाहीत. सह्याद्रीत त्या आकड्यात सढळ हाताने भर घालावी.

जंगलात पुढे वाट फुटते. सरळ जाते ती कात्राबाईच्या खिंडीकडे, दुसरी वळून रतनगडाच्या लोखंडी शिड्यांकडे चढते. बोलण्याच्या नादात हा फाटा चुकतो. म्हणून गावातला वाटाड्या घ्यावा. पावसाळ्यानंतर गवत माजलेलं असताना तर घ्यावाच. शिड्यांवर सॅकची खरी परीक्षा होते. वजन मागे ओढतं, तेव्हा शरीर शिडीला लगटून ठेवायचं आणि एका वेळी एकानेच चढायचं. वर गणेश दरवाजा आणि मुक्कामाची गुहा आहे. गडावर माकडं आहेत, तेव्हा शिधा उघडा टाकू नये.

पहिला दिवस छोटा ठेवण्याचं शहाणपण वारकऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. ज्ञानोबांची पालखी प्रस्थान ठेवते आणि पहिला मुक्काम आळंदीतच, आजोळघरी करते. तुकोबांची पालखीही पहिल्या रात्री देहूतच असते. अमेरिकेतल्या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या ॲपलाचियन ट्रेलवर तर आरंभाजवळच्या अमिकलोला उद्यानात पाठपिशव्या तोलायला काटा टांगलेला असतो. तिथून निघालेले लोक ट्रेलच्या आरंभापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या नील गॅपच्या दुकानात पोहोचले, की पिशवी उलटी करून नको ते सामान घरी धाडून देतात.

रतनगडावर असं दुकान नाही, पण संध्याकाळ असते. ऊन उतरलं की बहुतेक जण नेढ्याकडे, कड्याला आरपार पडलेल्या त्या भोकाकडे जातात. तिथून कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग आणि भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. दुसऱ्या बाजूला उद्याचा कात्राबाईचा डोंगर. तो पाहून झाला की गुहेत परतून बूट-मोजे काढावेत आणि तळवे नीट तपासावेत. लाल झालेल्या जागी फोड यायच्या आतच पट्टी लावावी. गुडघा कुरकुरतो का, पाणी किती लागलं, कुठली वस्तू सॅकमधून बाहेरच निघाली नाही, हेही पाहावं.

कुणाला पुढचं जमणार नसेल, तर तसं याच रात्री सांगावं. रतनगडावरून रतनवाडी काही तासांत गाठता येते. कात्राबाई ओलांडली की मात्र पाणी मुळेच्या खोऱ्यात वाहू लागतं, आणि पुढचं गाव थेट कुमशेत.