गावाच्या आरोग्याची रोजकीर्द

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, देणग्या व जमाखर्च यांचे तक्ते असतात. ते यंदाही पुढील पानांवर आहेत. विश्वस्त मंडळाच्या सूचनेवरून या वेळी त्या तक्त्यांच्या आधी एका वेगळ्या विषयावर लिहीत आहे. रुग्णालय आजारी माणसावर उपचार करते. परंतु माणूस आजारीच पडू नये यासाठी गावात रोज जे काम चालते ते कोण करते, कसे करते आणि ते एक दिवस चुकले तर काय घडते, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते. प्रस्तुत लेखक वैद्यक शिकलेला नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर रुग्णालयाच्या कार्यालयात बसलेला माणूस आहे. तेव्हा हे लेखन हिशेबनिसाच्या नजरेतून झाले आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग हे जुने बाजाराचे गाव. गाव मोठे असले तरी त्याचा कारभार दीर्घकाळ ग्रामपंचायतीकडे होता. त्यानंतर नगरपंचायत झाली आणि तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत पार पडली. वरवर पाहता हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार वाटतो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र कायदाच बदलला. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाऐवजी १९६५ चा नगरपरिषदा व नगरपंचायतींचा अधिनियम लागू झाला. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. नगरपरिषदांच्या पद्धतीत स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य यांसाठी विषय समिती असते. गावाचे ‘आरोग्य मंडळ’ म्हणावे ते हेच. गावपातळीवर याआधी ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा, पोषण व स्वच्छता समिती आणि जलसुरक्षक अशी रचना होती. प्राथमिक आरोग्य केंद्रे मात्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे असतात. याचा अर्थ असा की पाणी एका खात्याचे आणि त्या पाण्याने आजारी पडलेला माणूस दुसऱ्या खात्याचा. दोन खाती वेगळी असण्यात गैर काही नाही. प्रत्येक पेढीत ती असतात. मात्र दोन्हींचा मेळ कोणी घातलाच नाही तर तूट कोठे आली हे कधीच कळत नाही.

या कामाचा आरंभ पहाटे होतो, आणि तो करणारा माणूस डॉक्टर नसून वॉलमन असतो. टाकीत पाणी चढले की त्यात टी.सी.एल., म्हणजे ब्लिचिंग पावडर मिसळावयाची. प्रमाण साधे आहे : एक हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे एक लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. पावडर कोरडीच टाकीत ओतण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती चुकीची आहे. आधी बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, पाणी घालून ढवळावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत सोडावे. त्यानंतर किमान अर्धा तास थांबून मगच गावात पाणी सोडावे. हा अर्धा तास महत्त्वाचा, कारण जंतू मारण्यास क्लोरीनला तेवढा अवधी लागतो. आणि नेमका हाच अर्धा तास सर्वांत आधी वगळला जातो, कारण नळाला पाणी उशिरा आले की लोक वॉलमनला फोन करतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, तेव्हा पुष्कळसे क्लोरीन गाळाशीच संपते व मात्रा वाढवावी लागते.

दुसरी गोष्ट साठ्याची. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. उष्णता, ओल आणि उघडी हवा लागली की ते उडून जाते. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तोंड उघडे ठेवलेल्या पोत्याचे काय होत असेल, हे सांगावयास नको. वीस टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये असा नियम आहे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर साठा नोंदवहीत पोते भरलेले दिसते, खर्चही पडलेला असतो, आणि मालात मात्र दम नसतो. म्हणून पावडरीचा नमुना तपासणीस पाठविणे हे खरेदीइतकेच आवश्यक आहे.

पाणी शुद्ध झाले की नाही हे टाकीपाशी न पाहता गावाच्या शेवटच्या नळावर पाहावयाचे असते. तेथील पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग जितका गडद तितके क्लोरीन अधिक. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावे, साथीच्या दिवसांत ०.५. रंग आलाच नाही तर दोनच अर्थ निघतात : पावडर पडली नाही, अथवा वाटेत कोठेतरी घाण मिसळली आणि तिने क्लोरीन खाऊन टाकले. ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी व नंतर, सर्वेक्षण करून जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची आपल्या राज्यातील पद्धत वाचकांस ठाऊक असेल. पद्धत चांगली आहे. परंतु कार्ड सहा महिन्यांनी मिळते आणि पाणी मात्र लोक रोज पितात.

येथे एक अनुभव नमूद करतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी दुसऱ्या एका तालुक्यातील रुग्णालयात लेखनिक होतो. एका पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले. बाजारातील उघडे पदार्थ, नवे पाणी अशी कारणे सांगितली जात होती. महिनाअखेरीस बिलांची जुळवणी करताना माझ्या लक्षात आले की बहुतेक पत्ते एकाच पेठेतील आहेत, आणि त्यातही रस्त्याच्या एकाच बाजूचे. डॉक्टरसाहेबांना दाखविले; त्यांनी स्थानिक कार्यालयास कळविले. खोदून पाहिले तेव्हा गटारीखालून जाणारी नळजोडणीची पाईप फुटलेली निघाली. पाणी रोज येत नसल्याने मधल्या काळात पाईप रिकामी राही. रिकामी पाईप बाहेरचे गटाराचे पाणी आत ओढून घेते, आणि पुढच्या खेपेस ते प्रथम घरात येते. टाकीतील पाणी निर्दोष होते. पावडर वेळच्या वेळी पडत होती. दुरुस्ती एका दिवसाची होती. ती महिनाभर उशिरा झाली. त्या महिन्यात एक लहान मूल दगावले. त्याची बिलाची नस्ती मीच बंद केली होती. पत्त्याचा रकाना पहिल्या आठवड्यातच पाहिला असता तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

पुढे वाचनात आले की १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली असता जॉन स्नो या डॉक्टरने हेच केले होते. त्याने मृतांचे पत्ते गोळा केले व ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवती एकवटलेले दाखविले. पटकीचा जंतू तोवर सर्वमान्य झालेला नव्हता. कॉखने तो ओळखून दाखविला १८८३-८४ मध्ये. म्हणजे कारण नेमके ठाऊक नसतानाही पत्त्यांच्या यादीवरून उगम सापडला. पंढरीच्या वाटेवरील आपल्या मुलखाला पटकीची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही. जुन्या काळी यात्रेबरोबर साथ येई व दिंड्यांबरोबर गावोगाव परते. आजही आषाढीच्या सुमारास मराठवाड्यातील दिंड्या बार्शी तालुक्यातून पंढरपूरकडे जातात, तेव्हा मुक्कामाच्या गावी विहिरी व टँकर यांतील पाण्याचे शुद्धीकरण आणि तपासणी हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे मोठे काम असते. त्या काळात साथ आली नाही तर त्यांच्या कामाची बातमी होत नाही.

पत्त्यांच्या या यादीला आता शासकीय रूप आहे. २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यानुसार उपकेंद्राचा कर्मचारी लक्षणांवरून, दवाखान्याचा डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून दर आठवड्याला माहिती कळवू लागले. आता ती संगणकावर भरली जाते. खाजगी व धर्मादाय रुग्णालयांनीही ती द्यावी अशी अपेक्षा आहे. क्षयरोगाच्या बाबतीत तर २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद कळविणे बंधनकारक झालेले आहे. याबाबत आपल्या रुग्णालयाची स्थिती प्रांजळपणे सांगणे मी कर्तव्य समजतो. क्षयरोगाच्या नोंदी नियमित गेल्या. साप्ताहिक माहिती मात्र पावसाळ्यातील काही आठवडे गेली नाही, कारण ती भरणारा लेखनिक रजेवर होता आणि त्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपविलेले नव्हते. ही चूक डॉक्टरांची नसून कार्यालयाची, म्हणजे पर्यायाने माझी आहे. आता हे काम दोघांकडे दिले आहे.

डासांविषयी थोडक्यात. आपल्या भागात पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघर बॅरल, रांजण व हौद भरून ठेवले जातात. आणि डेंग्यू, चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास नेमक्या अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवली तर साखळी तुटते. कोरडा दिवस म्हणतात तो हाच. धूरफवारणीने फक्त उडते डास मरतात, पाण्यातील अळ्या तशाच राहतात. तरीही लोकांची मागणी धुराच्या गाडीची असते, कारण ती दिसते व तिचा आवाज येतो. आशाताई दारात येऊन बॅरलमध्ये डोकावते तेव्हा तिला मात्र आपण ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून परत पाठवितो.

ओल्या-सुक्या कचऱ्याची घंटागाडी, गटारींची सफाई, मोकाट कुत्री, आठवडी बाजारातील उघडे खाद्यपदार्थ हीही कामे याच यंत्रणेची. त्यांविषयी वर्तमानपत्रांत वेळोवेळी येत असते, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

एका कामाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ते आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर रोज घडते. ते म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. १९६९ च्या अधिनियमानुसार प्रत्येक जन्म व मृत्यू २१ दिवसांत निबंधकाकडे नोंदविला गेला पाहिजे. रुग्णालयात घडलेल्या घटनेची माहिती देण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी अडचण उत्तरोत्तर वाढते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळा प्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्म दाखलाच पुरावा ठरला आहे. त्यामुळे जन्माची नोंद करण्यास लोक आता तत्पर असतात. मृत्यूच्या नोंदीत वारसाचे काम असते, म्हणून तीही होते. परंतु मृत्यूचे कारण हा रकाना कोणालाच आपला वाटत नाही.

रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टरांनी नमुना ४ मध्ये कारणाचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते; घरी झालेल्या मृत्यूसाठी, ज्यांचे उपचार चालू होते त्या डॉक्टरांनी नमुना ४ अ मध्ये. त्यात पुष्कळदा ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने’ एवढेच लिहिलेले आढळते. प्रत्येक मृत्यूत या दोन क्रिया बंद पडतातच. त्या कशाने पडल्या, हा प्रश्न आहे : सर्पदंशाने, मधुमेहाने, प्रसूतीतील रक्तस्रावाने, की क्षयाने? ‘किरकोळ खर्च’ या खात्यावर सगळाच खर्च टाकणाऱ्या कारकुनास लेखापरीक्षक जे म्हणेल तेच येथे म्हणावे लागेल. कशाने माणसे मरतात हे गावाला ठाऊक नसेल तर समितीने पैसा कशावर खर्च करावा हे कसे ठरणार?

अशी नोंद नीट ठेवली तर काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले. ग्रामीण लोकसंख्येसाठी असलेली ती देशातील पहिली नोंदणी. येथील खेड्यांतील रुग्ण आपणहून रुग्णालयात येत नसत, म्हणून कर्मचारी बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगाव जाऊन विचारपूस करीत. त्याच अनुभवाच्या बळावर पुढे बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही त्या रोगाने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आणू शकते, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला व जगभर मान्य झाला. कोण कोणत्या कारणाने मरण पावले याच्या खेड्यापाड्यांतील नोंदीवाचून तो काढताच आला नसता.

यंदापासून रुग्णालयाने दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. जुलाब, कावीळ व ताप यांच्या रुग्णांची गल्लीनिहाय संख्या दर सोमवारी आरोग्य केंद्र व नगरपंचायत या दोन्ही कार्यालयांकडे एकाच वेळी पाठविली जाते. त्यात रुग्णाचे नाव नसते. तसेच नमुना ४ मधील कारणाचा रकाना वरिष्ठ डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज प्रमाणपत्र कार्यालयातून बाहेर जात नाही. त्यामुळे नातेवाइकांना दुःखाच्या वेळी थोडा अधिक वेळ थांबावे लागते, याची आम्हांस जाणीव आहे.

केस पेपर काढताना आता खिडकीवर पत्ता विचारला जातो तेव्हा अनेक जण ‘वैराग’ एवढेच सांगतात. कृपया गल्लीचे वा वस्तीचे नाव आणि पिण्याचे पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे, हेही सांगावे. त्यासाठी केस पेपरवर नावाच्या खाली दोन नवे रकाने छापून घेतले आहेत.