आधी रांग मोजा

सोसायट्यांच्या आवारात ‘येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशा पाट्या लागल्या आणि तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी फुटबॉलचे क्लास निघाले. दोन्हींचा संबंध अगदी सरळ आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या पोराला असला क्लास लागत नाही. तिथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना शाहू स्टेडियमवर असला की घरातलं कुणीतरी पोराला खांद्यावर बसवून नेतं, आणि बॉलला पाय लावायला गल्ली असतेच. गोव्यात भात कापून झालं की शेतंच मैदान होतात. पुण्या-ठाण्यातल्या मुलाच्या वाट्याला मात्र गाड्या लावून उरलेली जागा येते, आणि तिथे ती पाटी असते.

मग दोन इमारतींच्या मधल्या तुकड्यावर किंवा एखाद्या गच्चीवर प्लॅस्टिकचं गवत अंथरून, भोवती जाळी मारून टर्फ उभं राहतं. रात्री ते तासाच्या भाड्याने ऑफिसातल्या मंडळींना जातं. दुपारी चारनंतर मात्र रिकामंच असतं, आणि त्या रिकाम्या वेळात छोट्यांच्या बॅचेस बसवल्या जातात. म्हणजे बॅचची वेळ मुलाच्या सोयीने ठरलेली नसते. याकडे नंतर पुन्हा वळावं लागेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या जाहिरातीत जर्सी असते, करंडक असतो, एखादा परदेशी अभ्यासक्रम असतो आणि ‘भावी चॅम्पियन’ असतो. हे सगळं आईबापांसाठी असतं. त्यावरून क्लासची पारख होत नाही.

पारख करायची तर आधी चार वर्षांचं मूल काय करू शकतं ते बघू. ते धावतं, पण धावताना चटकन थांबणं त्याला अजून अवघड जातं. पडलेला बॉल त्याला लाथाडता येतो. लांबून येणारा बॉल कधी आपल्यापाशी पोचेल याचा अंदाज बांधता येत नाही. आणि ‘पास दे’ हे वाक्य त्याच्या दृष्टीने निव्वळ अन्याय आहे. आत्ताच मिळालेला बॉल दुसऱ्याला का द्यायचा? मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळण्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यात शेजारीशेजारी बसून आपापलं खेळणं ही पायरी आधी येते; ठरवून, कामं वाटून घेऊन एकत्र खेळणं शेवटी. संघ ही शेवटच्या पायरीवरची गोष्ट. म्हणून या वयाच्या मुलांची मॅच लावली की सगळी पोरं मोहोळासारखी बॉलभोवती जमतात आणि कोच ‘पसरा, पसरा’ म्हणून घसा कोरडा करतो. पसरायचं का, हे त्यांना कळत नाही, आणि न कळण्यात त्यांची काही चूक नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की बहुतेक मुलं नियमांच्या, संघाच्या खेळाला साधारण सहाव्या वर्षी तयार होतात. त्याआधी हवं ते भरपूर हुंदडणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचा क्लास या हिशेबात फार थोडी भर घालतो. क्लासला घातलं म्हणून बागेत जाणं बंद झालं, तर नुकसानच.

मग क्लासला घालूच नये का? घालावं, चांगला मिळाला तर. आणि चांगला कोणता हे ओळखायला फुटबॉल कळावा लागत नाही. पैसे भरण्याआधी एक तास पूर्ण बघायचा आणि रांग मोजायची.

समजा बारा मुलं आहेत. कोचने प्लॅस्टिकचे कोन मांडले, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. एकेकाने कोनांमधून बॉल न्यायचा, गोल मारायचा, रांगेच्या शेपटाला जायचं. एकाला वीस सेकंद लागतात असं धरू. म्हणजे एकाची पाळी चार मिनिटांनी येते. चाळीस मिनिटांच्या तासात फार तर दहा वेळा. दहा वेळा वीस सेकंद म्हणजे बॉल पायाशी असण्याची वेळ एकूण सव्वातीन मिनिटांच्या आसपास. उरलेली छत्तीस-सदतीस मिनिटं आपलं मूल पुढच्याची जर्सी ओढण्यात घालवणार. मग कोच म्हणतो, ‘लक्ष देत नाही हा.’ कशाकडे देणार? पुढच्याच्या पाठीकडे?

या वयात बॉल मुलागणिक एक हवा. बारा मुलं आणि चार बॉल दिसले, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. उलट प्रत्येकाच्या पायाशी बॉल आहे आणि मैदानात नुसता गोंधळ दिसतोय, तर बहुधा तो चांगला क्लास आहे. शिस्तीची आवड असलेल्या आजोबांना तो पसंत पडणार नाही.

हे लाडाचं तत्त्वज्ञान वाटत असेल तर जर्मनीकडे बघा. चार विश्वचषक जिंकलेल्या त्या देशाच्या महासंघाने २०२४-२५ च्या मोसमापासून मुलांच्या फुटबॉलची नवी रचना सक्तीची केली. सगळ्यात लहान गटात दोनास दोन किंवा तिनास तीन मुलं खेळतात, चार छोटे गोल असतात, गोलकीपर नसतो आणि गुणतक्ताही नसतो. कारण हेच की बॉल प्रत्येकाच्या पायाशी जास्त वेळा यावा. नॉर्वेने तर १९८७ मध्येच मुलांचे खेळातले हक्क लिहून काढले. तिथे अकराव्या वर्षाआधी गुणतक्ते लावत नाहीत. नामवंत फुटबॉलपटू एर्लिंग हालांड त्याच देशातल्या ब्रिना गावच्या क्लबात वाढला. आपल्याकडे सहा वर्षांखालच्यांची ‘नॉकआउट टूर्नामेंट’ भरते, सहभागी झालेल्या प्रत्येकाला गळ्यात पदक मिळतं आणि प्रवेश शुल्क वेगळं घेतात.

आता चांगला तास कसा असतो ते. कोच मुलांना फुटबॉल शिकवतोय असं दिसतच नाही. तो विषामृत खेळत असतो. फरक इतकाच, की प्रत्येकाने आपला बॉल पायाने ढकलत पळायचं. ‘विष’ मिळालं की बॉलवर पाय ठेवून गपकन उभं राहायचं, दुसऱ्याने आपला बॉल त्याच्या पायांमधून घातला की ‘अमृत’. यात बॉल थांबवणं आलं, मान वर करून बघणं आलं, दिशा बदलणं आलं, आणि ‘ड्रिबलिंग’ हा शब्द एकदाही उच्चारावा लागला नाही. ‘डोंगर का पाणी’ खेळताना कोच ‘पाणी’ ओरडला की बॉल हातात घेऊन कोनांच्या चौकटीत पळायचं. पळता पळता थांबण्याचा सराव होतो. ‘रंग रंग कोणता रंग’मध्ये लाल कोनाला बॉल लावून परत यायचं. हे खेळ आपल्या मुलांना बालवाडीतच माहीत झालेले असतात, त्यामुळे नियम समजावण्यात वेळ जात नाही. परदेशी पुस्तकांत हीच कामं शार्क आणि समुद्री चाचे करतात. आपल्याकडे तयार माल असताना शार्क आयात करण्याचं कारण मला अजून उमगलेलं नाही.

दर पाच-सात मिनिटांनी खेळ बदलायला हवा. या वयाला एका गोष्टीत त्याहून जास्त वेळ गुंतणं जमत नाही. तासही तीस ते पंचेचाळीस मिनिटांचाच बरा. दीड तासाची बॅच हे पाळणाघर आहे. ती गरज असेल तर तसं समजून घ्यावी.

कोचचं प्रमाणपत्र जरूर विचारा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना ही आपल्याकडची सुरुवातीची एक पायरी. त्याच्या वरचे सी, बी, ए हे आशियाई महासंघाचे. पण ए परवान्याचा माणूस सोळा वर्षांच्या पोरांना घडवण्यात तरबेज असतो. चार वर्षांच्या मुलाची बुटाची नाडी बांधण्यात तो असेलच असं नाही. म्हणून कोचकडे बघताना त्या तासात एका मुलावर लक्ष ठेवा: जे कडेला बसून रडतंय किंवा आईचा हात सोडत नाही त्याच्यावर. कोच त्याच्याशी गुडघ्यांवर बसून बोलतो, की ‘मॅडम, याला घेऊन जा’ म्हणतो? सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस असावं आणि मैदानात किमान दोघं. ‘सर, सू’ म्हणणाऱ्या मुलाला कोण घेऊन जातं, हे स्पष्ट विचारा. पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही विचारा. बालकांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. या प्रश्नाने ज्या चालकाच्या कपाळाला आठी पडते, तिथे मूल ठेवू नये.

आता ती दुपारची वेळ. प्लॅस्टिकचं गवत उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, वर काळ्या रबराची भुकटी असली तर बघायलाच नको. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा कमी घामेजतं आणि आणखी पाणी हवंय हे वेळेवर सांगत नाही. मार्च ते मे आणि नंतर ऑक्टोबरात चारच्या बॅचला जाण्याआधी टर्फवर तळहात टेकवून दहा अंक मोजा. हात उचलावा लागला तर घरी या. विदर्भात सकाळी सातची बॅच नसेल तर उन्हाळ्याचा विषयच सोडा. ती रबरी भुकटी घरभर होते हा वेगळा वैताग. युरोपीय संघाने सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणून तिच्या विक्रीवर २०३१ पासून बंदी आणायचं २०२३ मध्ये ठरवलं आहे. तूर्तास बूट बाहेर झटकावे, हात धुऊनच खाऊ द्यावा.

गोलपोस्ट हलवून बघा. सुटे गोलपोस्ट अंगावर उलटून मुलं दगावल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, आणि आपली पोरं दांड्याला लोंबकळणार हे ठरलेलंच. पोस्ट जमिनीला किंवा वजनाला जखडलेला हवा. हेडर, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, शिकवतात का? शिकवत असतील तर नको. अमेरिकेत दहा वर्षं आणि त्याखालच्यांना हेडर २०१५ पासून बंद आहे, इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून तो काढला. फुटबॉलच्या नियमांत दागिन्यांना बंदी आहे, तेव्हा कानातले डूल आणि हातातलं कडं घरी. नजरेचा काळा दोरा गळ्यात असेल तर तोही तासापुरता काढावा, कारण तो अडकतो. आजीला ते कसं सांगायचं हे ज्याचं त्याने बघावं.

खरेदी फार करू नका. बॉल तीन नंबरचा, म्हणजे साधारण ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचा. दुकानदार पाच नंबरचा देतो, तो मोठ्यांचा. टर्फवर सपाट तळव्याचे साधे खेळाचे बूट चालतात, स्टड नकोत. किट सक्तीचं आणि सहा महिन्यांची फी आगाऊ असेल तर घासाघीस करा, किंवा दुसरीकडे बघा. पहिला महिना सुटा भरता यायला हवा, कारण तिसऱ्या तासाला मुलाचा उत्साह ओसरणं अगदी नेहमीचं आहे.

मुलगी असेल तर या वयात वेगळ्या बॅचची काही गरज नाही. ताकदीतला फरक फार पुढे पडतो. मात्र तासभर बघताना कोच कुणाची नावं घेऊन बोलतो ते ऐका. बारांत दोनच मुली असतील आणि त्यांना ‘बेटा, तू गोलकीपर’ म्हणून कोपऱ्यात उभं केलं असेल, तर ते बरं लक्षण नव्हे.

एवढ्यात जाळीबाहेरचे बाबा म्हणतातच, ‘मेस्सीने पाचव्या वर्षी सुरुवात केली.’ केली, रोसारिओतल्या ग्रांदोली क्लबात. पण त्या वयात सुरुवात करून पुढे काहीच न झालेल्यांची यादी कुणी ठेवत नाही. शिवाय एकाच गटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल असतं. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात ते अकरा महिने म्हणजे जवळजवळ पाव आयुष्य. जानेवारीवालं ‘टॅलेंटेड’ ठरतं, डिसेंबरवालं ‘स्लो’. या वयात मुलांना ‘ए’ आणि ‘बी’ बॅचमध्ये वाटणाऱ्या क्लासच्या वाटेला जाऊ नका.

चांगला क्लास जवळपास नसेलच, तर तीन नंबरचा बॉल, गोलासाठी दोन चपला आणि शेजारची दोन-तीन मुलं एवढ्यावर भागतं. नागपूरच्या विजय बारसेंनी फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली पोरं पाहिली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली, ही गोष्ट ‘झुंड’ चित्रपटामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. मूल क्लासला नको म्हणत असेल, तर वर्षभर असंच चालू द्या. अखिल भारतीय महासंघाने २०१८ मध्ये सुरू केलेली बेबी लीगसुद्धा सहा वर्षांपासूनच्या मुलांसाठी होती. तेव्हा सहाव्या वर्षी पुन्हा विचारा, आणि नव्या क्लासला गेल्यावर तिथलीही रांग मोजा.