उड्डाणानंतर इंजिनाची शक्ती घटते तेव्हा

धावपट्टी सोडल्यानंतरचा पहिले मिनिट एका इंजिनाच्या हलक्या विमानासाठी अत्यंत जोखमीचे असते, कारण त्या वेळी उंची व वेग दोन्ही कमी असून सारी भिस्त इंजिनाच्या पूर्ण शक्तीवर असते. ही शक्ती घटण्याचे मूळ अनेकदा इंधनपुरवठ्यात सापडते. टाकीतील पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि तेथून इंजिनात शिरू शकते. तसेच कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा व इंधन यांचे मिश्रण करणाऱ्या भागात, इंधनाच्या बाष्पीभवनामुळे तापमान इतके उतरते की बाहेर २० अंश सेल्सिअस असतानाही दमट हवेत आत बर्फ साचू शकतो.

अशा वेळी मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह घातक ठरू शकतो. उंची राखून ४५ अंशांच्या कलाने वळताना पंखांवरील भार वाढतो आणि ‘स्टॉल’चा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांवरील हवेचा प्रवाह विस्कटून उचल ढासळते तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून विमानाचे नाक तत्काळ खाली करून योग्य वेग राखावा (सेसना १७२ एस विमानात फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मिटलेले असताना ७० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर) आणि शक्यतो समोरच्याच मोकळ्या जागेत उतरावे, असे वैमानिकांना शिकवले जाते.

उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातील इंधनाचा नमुना तपासणे आणि मागे न वळता समोरच उतरण्याचा निर्णय जमिनीवरच पक्का करणे, या दोन सवयी जीव वाचवतात. त्यांत कधीही हयगय होता कामा नये.